घोड्याची फिजिओथेरपी : कंडरा दुखावल्यापासून पुन्हा खोगीर चढेपर्यंत

घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतोच, ही गोष्ट या कामात नव्याने येणाऱ्याने सर्वांत आधी मनात पक्की करावी. पाय हलवणारे स्नायू सगळे वर असतात आणि त्यांची ताकद नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या, मागून उतरणाऱ्या दोरासारख्या कंडरांमधून खुरापर्यंत पोहोचते. शरीराच्या वजनापैकी सुमारे 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. घोडा भरधाव धावताना खुराच्या वरचा सांधा, ज्याला रेसकोर्सवर फेटलॉक म्हणतात, जमिनीकडे दबतो आणि नळीच्या मागची सर्वांत बाहेरची कंडरा आपल्या लांबीच्या 10 टक्क्यांहून अधिक ताणली जाते. त्या वेळी तिच्या गाभ्याचे तापमान 45 अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचे मोजमापांतून दिसले आहे. इतका ताण सोसणाऱ्या या भागाला रक्तपुरवठा मात्र बेताचाच असतो, त्यामुळे तो एकदा फाटला की जुळून यायला महिने लागतात.

माझे बरेचसे काम डोंगरावर पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांमध्ये झाले आहे. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे माणसे आणि सामान यांची मोठी भिस्त आजही घोड्यांवर आहे. तेथील तांबड्या मातीचे उतार, पावसाळ्यानंतर उघडे पडणारे दगड आणि काही रस्त्यांवर बसवलेल्या फरशा यांवरून घसरत-सावरत चालणाऱ्या घोड्याची कंडरा न धावताही दुखावते. म्हणून या लेखात सगळे उपचार एकेक करून सांगण्याऐवजी कंडरेची एकच दुखापत घेऊन तिचा पहिल्या दिवसापासूनचा प्रवास मांडला आहे. फिजिओथेरपीत लागणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट या वाटेवर भेटते. हा लेख घोडेमालक, मोतद्दार आणि माणसांची फिजिओथेरपी शिकून प्राण्यांकडे वळू पाहणारे विद्यार्थी यांच्यासाठी आहे.

आपले काम कोठे सुरू होते

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 नुसार प्राण्याच्या आजाराचे निदान करण्याचा आणि औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. फिजिओथेरपी त्यानंतर येते. ही केवळ कायद्याची बाब नाही. सुजलेल्या नळीत कंडरा फाटली आहे, हाडाला चीर गेली आहे, की जखमेतून संसर्ग शिरला आहे, हे हाताला कळत नाही; ते सोनोग्राफी आणि एक्स-रे यांतूनच कळते. हाडाला चीर गेलेल्या घोड्याला कंडरा दुखावल्याचे समजून चालवत राहिल्यास ती चीर पूर्ण फुटू शकते.

प्रत्येक वेळी कामाला हात घालण्यापूर्वी तीन आकडे तपासावेत. विश्रांत अवस्थेतील प्रौढ घोड्याचे तापमान साधारण 37.2 ते 38.3 अंश सेल्सिअस असते, नाडी मिनिटाला 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16 असतो. ताप असेल तर मालिश नाही, व्यायाम नाही, पशुवैद्यकाला बोलवावे. नाकातून चिकट स्राव येत असेल आणि अंगावर गाठी किंवा व्रण दिसत असतील, तर त्या घोड्याला हातही लावू नये, कारण ग्लँडर्स हा घोड्याकडून माणसाला होणारा, जिवावर बेतणारा रोग आहे आणि त्याची माहिती सरकारी यंत्रणेला देणे बंधनकारक आहे. कामानंतर घोड्याच्या पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे घट्ट झाले, त्याला घाम फुटला आणि लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर त्याला जागेवरून हलवू नये आणि चोळूही नये. अशा वेळी चांगल्या भावनेने केलेली मालिश आणि ‘थोडे चालवले की मोकळा होईल’ ही समजूत, दोन्ही स्नायूंचे आणखी नुकसान करतात.

पाहणे आणि चाचपणे

घोडा समतल, टणक जमिनीवर, चारही पायांवर सारखा उभा करावा. त्याला धरणारा माणूस आणि आपण नेहमी एकाच बाजूला उभे राहावे. घोडा बिथरला तर धरणारा त्याचे तोंड आपल्याकडे ओढतो आणि त्यामुळे मागचे पाय आपल्यापासून दूर जातात. दोघे दोन बाजूंना असतील तर तेच मागचे पाय आपल्या अंगावर येतात. पायापाशी काम करताना उकिडवे बसावे, पण जमिनीवर गुडघे टेकू नयेत किंवा मांडी घालू नये. घोड्याला खुंट्याला आखूड बांधून काम करू नये, मोहरकीचा दोर माणसाच्या हातात असावा.

आधी लांबून पाहावे. कोणता पाय पुढे टाकून विसावा घेतो, खांदे समान भरलेले आहेत का, पुठ्ठ्याची एक बाजू ओसरली आहे का, हे सगळे चालवण्याआधी पाहायचे असते. मग साध्या चालीने तीस-चाळीस पावले समोरून जाऊ द्यावे आणि परत आणावे, दोर सैल ठेवून. पशुवैद्यकाची हरकत नसेल तरच दुडकी चाल पाहावी. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीवर टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोके खाली जाते. नवशिके डोके खाली जाते तो पाय दुखरा समजतात. ही चूक इतकी सर्रास होते की सुरुवातीचे काही महिने प्रत्येक वेळी हे वाक्य मनात म्हणून मगच बोट दाखवावे. मागच्या पायाच्या दुखण्यात डोक्यापेक्षा पुठ्ठ्याकडे पाहावे, दुखऱ्या बाजूची कंबर जास्त वरखाली होते.

त्यानंतर हात. हाताची पालथी बाजू ऊब लवकर ओळखते, म्हणून तिने आधी दोन्ही नळ्यांची ऊब एकमेकींशी पडताळावी. मग पाय उचलून गुडघ्यापाशी वाकवावा, त्यामुळे कंडरा सैल पडतात. अंगठा आणि दोन बोटे यांच्या चिमटीत बाहेरची कंडरा धरून गुडघ्यापासून खाली, बोटभर-बोटभर सरकत यावे. निरोगी कंडरा ताणलेल्या सुतळीसारखी कडेने स्पष्ट लागते आणि तिच्या आत असलेल्या दुसऱ्या कंडरेपासून वेगळी काढता येते. दुखावलेल्या ठिकाणी ही कड बोटांना हरवल्यासारखी वाटते, जागा मऊ आणि किंचित जाड लागते, आणि तेथे दाब येताच घोडा पाय ओढून घेतो. हे समजण्यासाठी निदान वीस-पंचवीस निरोगी घोड्यांचे पाय आधी हाताखालून गेलेले असावेत, असे माझे मत आहे. दुखरा पाय ओळखण्याआधी चांगला पाय हाताला पाठ झाला पाहिजे.

खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही बाजूंना बोटे ठेवून तेथील नाडी पाहण्याची सवयही लावून घ्यावी. एरवी ती महत्प्रयासाने लागते. ती ठणकत असेल आणि खूर गरम असेल तर दुखणे कंडरेत नसून खुरात असण्याची शक्यता मोठी. घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहत असेल, तर त्याला एक पाऊलही चालवू नये आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे.

शेवटी शिंप्याची फीत घ्यावी. गुडघ्याच्या मागे जे उंच हाड लागते, तेथून खाली ठरावीक अंतरावर, समजा 12 सेंटिमीटरवर, नळीचा घेर मोजून वहीत लिहावा. दोन्ही पायांचा. ‘सूज उतरल्यासारखी वाटते’ या शब्दांना पुढे काहीच किंमत राहत नाही, आकड्याला राहते.

पहिले तीन दिवस

पहिले 48 ते 72 तास थंडाव्याचे. बर्फ ओल्या कापडात गुंडाळून नळीभोवती 15 ते 20 मिनिटे धरावा आणि दिवसातून तीन-चार वेळा हेच करावे. बर्फ थेट कातडीवर लावू नये. बर्फ नसेल तर नळाच्या थंड पाण्याची धार वीस मिनिटे सोडावी; डोंगरावर हिवाळ्यातले विहिरीचे पाणीही चांगले काम करते. मालक पुष्कळदा या टप्प्यावर गरम लेप किंवा झोंबणारे तेल लावतात. ताज्या दुखापतीत ऊब सूज वाढवते. वेदनाशामक औषधे पशुवैद्यकच ठरवील. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत.

पट्टी बांधताना खाली कापसाची किंवा रजईसारखी जाड घडी असलीच पाहिजे आणि ताण सगळीकडे सारखा असला पाहिजे. घडीशिवाय आवळलेली पट्टी स्वतःच कंडरेला इजा करते, आणि ही इजा सुरुवातीला मूळ दुखापतीहून वेगळी ओळखताही येत नाही. दुसऱ्या पायालाही आधाराची पट्टी बांधावी, कारण आता सगळा भार त्याच्यावर आलेला असतो. पट्टी रोज सोडावी, पाय पाहावा आणि पुन्हा बांधावी.

तबेल्यात बांधून ठेवलेल्या घोड्याची चंदी त्याच दिवशी कमी करावी, वैरण आणि पाणी मात्र पुरेसे असू द्यावे. काम बंद आणि दाणा पूर्ववत, यातून पोटशूळ आणि खुरांचे विकार उद्भवतात.

चालवणे हेच औषध

जुळून येणारी कंडरा आधी अस्ताव्यस्त तंतूंनी भरते. हे तंतू ताणाच्या दिशेने ओळीत यावेत म्हणून मोजका, नियमित आणि हळूहळू वाढत जाणारा भार द्यावा लागतो. अजिबात भार दिला नाही तर जखम गुठळीसारखी भरते. जास्त दिला तर नवे तंतू तुटतात. या दोहोंमधली वाट म्हणजे हाताने धरून चालवणे, आणि या दुखापतीत फिजिओथेरपीचा सर्वांत मोठा भाग तोच आहे.

सुरुवात कधी करायची ते पशुवैद्यक सांगतील. मध्यम दुखापतीत बहुधा दोनेक आठवड्यांच्या विश्रांतीनंतर. आरंभी दिवसातून दोनदा 5 ते 10 मिनिटे, समतल आणि टणक जमिनीवर, सरळ रेषेत. भुसभुशीत वाळू किंवा चिखल नको, कारण तेथे खूर रुततो आणि कंडरेवर ताण वाढतो. लहान वर्तुळात फिरवणेही नको. यानंतर दर आठवड्याला साधारण 5 मिनिटे वाढवत जावे. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस घोडा 40 मिनिटांच्या आसपास चालू लागतो. तेथे थांबून सोनोग्राफी करून घ्यावी. ती समाधानकारक असेल तरच दुडकी, तीही 5 मिनिटांपासून, आणि तिच्यात दर महिन्याला थोडीच वाढ. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. पूर्ण कामावर यायला 9 ते 12 महिने लागतात, मोठ्या दुखापतीत त्याहून अधिक.

हे वेळापत्रक मालकाला पहिल्याच दिवशी बसून समजावून सांगावे, कारण कसोटीची वेळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येते. तोवर लंगडणे थांबलेले असते, सूज दिसत नाही, घोडा ताजातवाना होऊन उड्या मारू लागतो. वरून सगळे ठीक दिसते आणि आत कंडरा निम्मीही तयार नसते.

मी स्वतः येथे चुकलो आहे. एका कुमैत घोडीला मी नऊ आठवडे नेमाने चालवून घेतले होते. तिच्या नळीचा घेर दुसऱ्या पायाच्या बरोबरीला आला होता, मे महिन्याचा हंगाम तोंडावर होता आणि त्या घराची चूल तिच्यावर पेटत होती. मालक म्हणाले, ‘साहेब, आता तर ती लंगडतही नाही.’ सोनोग्राफीसाठी तिला डोंगराखाली न्यावे लागले असते. मी तो आग्रह न धरता दुडकीला होकार दिला. चौथ्या दिवशी सकाळी पट्टी सोडली तेव्हा नळीच्या मागे, मधोमध, सुपारीएवढा उंचवटा होता आणि हात लावण्याआधीच ती पाय उचलत होती. त्या होकाराची किंमत घोडीने आणि त्या कुटुंबाने भरली. हंगामही गेला आणि पुढचे वर्षही. तेव्हापासून लंगडणे थांबणे आणि कंडरा बरी होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, असे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवतो आणि मालकाला दाखवतो.

घोडा चालवताना अवखळपणा करत असेल तर दोन माणसे घ्यावीत किंवा दिवसाची शांत वेळ निवडावी. एका उडीने महिन्याचे काम वाया जाते.

मान, पाठ आणि पुठ्ठा

एक पाय दुखतो तेव्हा घोडा सगळे शरीर दुसरीकडे ढकलून चालतो, आणि त्यामुळे मान, खांदा व पाठ आखडतात. घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. पुढचे पाय छातीला केवळ स्नायूंच्या झोळीने जोडलेले असतात. त्यामुळे पायाचे दुखणे खांद्यामागच्या आणि छातीखालच्या स्नायूंत लवकर उतरते.

मालिशची सुरुवात मानेपासून, उघड्या तळव्याने, केसांच्या दिशेने लांब आणि सावकाश हात फिरवून करावी. चांगला खरारा करता येणाऱ्या मोतद्दाराला हे निम्मे आधीच येत असते. स्नायू ऊबदार झाल्यावर तळव्याच्या टाचेने गोलाकार मळावे, खांद्याच्या मागे, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर आणि पुठ्ठ्यावर. कण्याच्या हाडांवर दाब देऊ नये. एका घोड्याला 20 ते 30 मिनिटे पुरेत. दाब किती द्यायचा हे घोडाच सांगतो: डोळा अर्धवट मिटला, खालचा ओठ सैल सुटला, तोंड चघळल्यासारखे हलू लागले किंवा जांभई आली, तर आपण योग्य ठिकाणी आहोत. कान मागे पडले, शेपटी आपटली, कातडी थरथरली, तर हात ताबडतोब हलका करावा. नवशिके अशा वेळी ‘येथेच गाठ आहे’ म्हणून जोर वाढवतात, आणि पुढच्या खेपेला घोडा त्यांना जवळ येऊ देत नाही.

गाजराचे व्यायाम मला विशेष मोलाचे वाटतात, कारण त्यांत घोडा आपले स्नायू स्वतः वापरतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ घोड्यांकडून तीन महिने, आठवड्यातून पाच दिवस, प्रत्येक व्यायाम पाच वेळा करून घेतला, तेव्हा कण्याला आधार देणारे खोल स्नायू मोजता येण्याइतके जाड झाले. पद्धत सोपी आहे. घोडा न घसरणाऱ्या जमिनीवर चौरस उभा करावा. लांब गाजर दाखवून त्याची हनुवटी आधी छातीकडे, मग दोन गुडघ्यांच्या मधे, मग खाली फेटलॉकपाशी न्यावी. नंतर एका बाजूला तंगाच्या (खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याच्या) जागेकडे, कमरेकडे, आणि पुढे मागच्या पायाकडे, आणि हेच दुसऱ्या बाजूला. प्रत्येक ठिकाणी सुरुवातीला क्षणभर, काही दिवसांनी पाच सेकंद थांबावे. घोड्याने पाय हलवला तर आपण फार लांब मागितले असे समजावे. मान हाताने ओढू नये. दुखऱ्या पायावर अजून पूर्ण भार नको असेल त्या दिवसांत फक्त मानेच्या पातळीवरचे व्यायाम घ्यावेत.

पाठ उचलण्यासाठी तंगाच्या जागेमागे, पोटाच्या मध्यरेषेवर बोटांच्या टोकांनी वर हळूच दाब द्यावा. पाठ वर येताना डोळ्यांना दिसते. पोटाखाली हात जाण्याची सवय नसलेला घोडा लाथ मारतो, म्हणून आधी त्या जागी तळहाताची ओळख करून द्यावी. जमिनीवर आडव्या टाकलेल्या बांबूंवरून चालवणे हा फार चांगला व्यायाम आहे, पण तो दुडकी सुरू झाल्यानंतरचा. साधारण उंचीच्या घोड्याला साध्या चालीसाठी बांबूंत 80 ते 90 सेंटिमीटर अंतर लागते, तट्टाला त्याहून कमी.

लेझर, अल्ट्रासाउंड आणि विजेचे सौम्य झटके देणारी यंत्रे यांचा उपयोग आहे, पण पशुवैद्यकाने मात्रा ठरवून दिल्याशिवाय ती लावू नयेत, आणि ती चालण्याच्या जागी येत नाहीत.

खोगीर, वजन आणि नाल

पुन्हा स्वार चढवण्याआधी घोड्याचे वजन काढावे. काटा नसेल तर तंगाच्या जागी छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे किलोग्रॅममध्ये अंदाजे वजन मिळते. घेर 150 आणि लांबी 155 असेल तर वजन साधारण 294 किलो येते. खोगिरासह स्वाराचा भार घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत ठेवावा, म्हणजे या घोड्यावर 59 किलोच्या आत. पर्यटनस्थळी ही मर्यादा पाळणे अवघड जाते हे मला ठाऊक आहे, पण दुखापतीतून उठलेल्या घोड्याबाबत तरी ती सोडू नये.

खोगिराखाली हात घालून दोन्ही बाजूंचा दाब सारखा आहे का पाहावे, आणि कण्यावर आरपार मोकळी जागा दिसते का तेही. काम संपल्यावर पाठीवरचा घाम पाहावा. भोवती ओले आणि मधेच एक कोरडा ठिपका राहिला असेल, तर तेथे दाब जास्त आहे. स्वार दरवेळी डाव्या रिकिबीत वजन टाकून चढतो, त्यामुळे खोगीर आणि पाठ दोन्ही डावीकडे ओढली जातात. ओट्यावरून किंवा दगडावरून चढायला सांगितले की हा त्रास बराच कमी होतो. नालबंदाला साधारण सहा आठवड्यांनी बोलवावे. खुराचे टोक लांब वाढले आणि टाच खचली की कंडरेवरचा ताण रोजच्या प्रत्येक पावलात वाढतो.

खोगीर चढल्यानंतरचा पहिला महिना फक्त साध्या चालीचा, हलक्या स्वाराचा आणि सपाट वाटेचा असावा. उतार शेवटी आणावेत, चढ आधी. त्या महिन्यात रोज संध्याकाळी, पाय धुऊन तासाभराने, ठरलेल्या जागी फीत लावून घेर लिहावा. आकडा आदल्या दिवसापेक्षा वाढला किंवा नळी एकाच जागी उबदार लागली, तर दुसऱ्या दिवशी स्वार चढवू नये. घोड्याला आधीच्या टप्प्यावर आणून पशुवैद्यकाला कळवावे.